दोन अक्षरं आणि एक टिंब



आज बचत नाही, कर्ज नाही, हप्ता नाही. आज मोबाइलवरच्या तुटक्या शब्दांवर बोलायचं आहे. ‘हा काय विषय झाला?’ असं कुणाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटायचं. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या गटात एकाच बाईवर असे दोन तुटके शब्द येऊन पडले. एक मोबाइलवरून आला आणि दुसरा आमच्याच हातून. तेव्हापासून आम्ही या शब्दांच्या मागे लागलो.

आधी पहिला शब्द सांगतो. गटातल्या एका वहिनींचे मालक अचानक गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या वॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो आला. फोटो लग्नातला, फेटा बांधलेला, चांगला हसरा. वर नाव आणि खाली फक्त ‘भा.पू.श्र.’. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. आमच्या आक्का तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या, दुसऱ्या तालुक्यात. शिक्षण चौथी. सावकाश वाचतात, पण मोबाइल आवडीनं बघतात. त्या महिन्यात दूध संस्थेची निवडणूक होती आणि वहिनींचे मालक उभे होते. फेट्यातला फोटो, जोडलेले हात, नावाखाली पदवीसारखी तीन अक्षरं. आक्कांना वाटलं, निवडून आले. त्यांनी फुलांचा गुच्छ आणि ‘अभिनंदन’ लिहिलेलं चित्र पाठवून दिलं.

‘भा.पू.श्र.’ म्हणजे भावपूर्ण श्रद्धांजली. पोरांनी त्या पानाचा फोटो काढून चार ग्रुपांत फिरवला. आक्कांना संध्याकाळी कळलं. त्यांनी मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत.

दुसरा शब्द आमचा. महिना-दीड महिन्यानं गटाच्या सभासदांची नवी यादी करायची होती. ती आम्हीच लिहिली. वहिनींच्या नावाआधी पूर्वी ‘सौ.’ होतं, तिथं आम्ही ‘गं. भा.’ लिहिलं. सहीला रजिस्टर पुढं केलं तर वहिनी बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, “ताई, हे काय लिहिलंय?” आम्ही म्हणालो, “तशी पद्धत आहे, वहिनी.” त्या म्हणाल्या, “मागच्या यादीत ‘सौ.’ होतं. तेही मी लिहायला सांगितलं नव्हतं.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर ‘गं. भा.’ म्हणजे ‘गंगा भागीरथी’ एवढंच ठाऊक होतं. ते कशासाठी लिहितात, याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता. बी.ए. होऊनही.

म्हणून मग बैठकीत ठरवलं, की अशी अक्षरं येतात कुठून ते बघू. म्हाताऱ्या बायकांना विचारलं, कॉलेजच्या पोरींना विचारलं, जुनी पत्रं ट्रंकेतून काढली. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

लोक म्हणतात, मोबाइल आला आणि भाषा मोडली. आता हा ‘मोडली’ शब्दच बघा. आपल्याकडे शेकडो वर्षं कागदपत्रं लिहिली गेली ती मोडी लिपीत. हात न उचलता भराभरा लिहायचं, म्हणून अक्षरं वळवून मोडून एकमेकांना जोडायची. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानच्या काळातली मोडी दप्तरं आहेत. ज्यांना मोडी येतं ते सांगतात, की लिपी शिकून अर्धंच काम होतं, खरी अडचण तुटक शब्दांची. ‘राजश्री’ पुरतं लिहायचं नाही, ‘रा’ काढून पुढं दोन दांड्या ओढायच्या. चंद्राच्या तारखेसाठी नुसतं ‘छ’. लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून दोघांना ठाऊक, मग कागद आणि वेळ कशाला घालवायचा? स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी गेली. आज घरात पणजोबांचा मोडी कागद असला, तर तो वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागतो आणि त्याला पैसे मोजावे लागतात. तुटक शब्दाची किल्ली हरवली की असं होतं.

त्याच कागदांत बायकांच्या नावाला जोडलेला एक छोटा शब्द सापडतो, ‘कोम’. पुरुषाचं नाव ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा. बाईचं नाव ‘अमुक कोम तमुक’, म्हणजे तमुकची बायको. पुढं सातबाऱ्यावर ‘भ्र.’ आलं. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा. तुमच्या सासूबाईंच्या नाहीतर आजेसासूबाईंच्या नावापुढं ते असेल, घरी गेल्यावर उतारा काढून बघा. आमच्या गटातल्या एकीला आजवर वाटत होतं, की ती छपाईची चूक आहे. आणि हो, ‘सातबारा’ हासुद्धा तुटका शब्दच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. आकड्यांचं नाव झालं आणि ते आपल्या तोंडात इतकं बसलं, की आता कुणी फोड करून विचारत नाही.

आता पत्रांकडे येऊ. १ जुलै १८७९ ला आपल्या देशात पोस्टकार्ड सुरू झालं. किंमत पाव आणा. कार्डाची जागा तळहाताएवढी. त्यात खुशाली, पाऊसपाणी, म्हशीचं वेत, पोरीचं स्थळ, सगळं बसवायचं. मग नमस्काराला किती जागा देणार? ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढं लिहिलं तर एक ओळ गेली. म्हणून ‘सा. न. वि. वि.’. बरोबरीच्या माणसाला ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार. धाकट्याला ‘अ. उ. आ.’, अनेक उत्तम आशीर्वाद. आईवडिलांना ‘ती.’, तीर्थरूप. मुलाला ‘चि.’. लग्न ठरलेल्या मुलीला ‘चि. सौ. कां.’. पत्र संपल्यावर काही आठवलं तर ‘ता. क.’, ताजा कलम. आमच्या बैठकीत एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, “ता. क. म्हणजे तारीख कळवा का?” सगळ्या आज्या हसल्या. तेव्हा आम्हाला मनात आक्का आठवल्या. हसणाऱ्यांची बाजू बदलली होती, एवढंच.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी तर अक्षराच्याही आधीची खूण होती. कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं दिसलं, की पोस्टमन दारात असतानाच कळायचं, कुणाचं तरी लग्न आहे. तार आली, की मात्र कागद उघडण्याआधीच रडं सुरू. तारेत शब्दामागे पैसे पडायचे. त्यामुळे माया, विचारपूस सगळं गाळून उरायचं ते एवढंच, ‘आई आजारी, लवकर या’. तीही बहुतेक इंग्रजीत. मग वाचणारा शोधत गावभर फिरायचं. शुभेच्छांच्या तारेची तर आणखी मजा. पोस्टात ठरलेल्या वाक्यांची यादी असायची आणि प्रत्येक वाक्याला नंबर. तुम्ही नंबर सांगायचा, तिकडं पूर्ण वाक्य पोचायचं. आज आपण बोटानं एक गुच्छ दाबतो आणि तो शंभर जणांना जातो, त्यात आणि यात फार फरक आहे असं आम्हाला वाटत नाही. ही तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.

तोवर मोबाइल हातात आले होते. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं मावायची १६० आणि देवनागरी फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे आपल्या भाषेत लिहिलं तर जागा निम्म्याहून कमी. शिवाय सुरुवातीच्या कितीतरी हँडसेटवर देवनागरी नव्हतीच. म्हणून आपली पोरं मराठी बोलायची, पण लिहायची इंग्रजी अक्षरांत. त्यातही स्वर गाळून, नुसत्या व्यंजनांचा सांगाडा. दिवाळी-दसऱ्याला तर कंपन्या नेहमीची सवलत काढून घ्यायच्या आणि मेसेजला जादा पैसे लावायच्या. तेव्हा लोक आदल्या दिवशीच शुभेच्छा पाठवून मोकळे व्हायचे. तर पोरांनी भाषा मोडली म्हणण्याआधी हा हिशोबही बघायला हवा. कार्डाची जागा, तारेचा दर, एसएमएसची ७० अक्षरं, सगळीकडे कात्री कुणाची तरी दुसऱ्याचीच होती.

आता मात्र जागाही आहे आणि पैसेही पडत नाहीत. २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं. वॉट्सॲपवर पानभर लिहा, कोण अडवतंय? तरी लिहिणं आखूडच राहिलं. आमच्या मते आता कमी पडतो तो वेळ, आणि थोडी माणुसकीसुद्धा. एका दिवसात चार वाढदिवस, दोन मयती, एक बारसं एकाच ग्रुपवर येतं. बोट सगळ्यांवरून सारखंच फिरतं. ‘वा. हा. शु.’ आणि ‘भा.पू.श्र.’ लिहायला सारखाच वेळ लागतो.

एक गंमत सांगतो, गंमत म्हणावी की नुकसान ते तुम्ही ठरवा. आमच्या गटातली एक ताई कांदा-लसूण चटणी करते. शहरातल्या गिऱ्हाइकाला तिनं विचारलं, “शुक्रवारी पाच किलो तयार ठेवू का?” उलट उत्तर आलं, इंग्रजीतलं एकच अक्षर, ‘के’. ‘ओके’मधला ‘ओ’सुद्धा त्याला जड झाला होता! ताईला वाटलं, तो काहीतरी लिहिता लिहिता थांबला, पुढचं येईल. दोन दिवस वाट बघितली. शुक्रवारी गिऱ्हाईक दारात आणि चटणी नाही.

पण सगळीच आखूड बोली अशी कोरडी नसते. आपल्या कोल्हापूरची तर मुळीच नाही. ‘नाद खुळा’, ‘काटा किर्र’, ‘विषय हार्ड’, ‘जाळ आणि धूर संगटच’. हे शब्द फेसबुकवरच्या फोटोंखाली चढले आणि कुठल्या कुठे गेले. आता पुण्या-मुंबईची पोरं कोल्हापूरचं पाणी न पिता ‘विषय हार्ड’ लिहितात. मूळ बघा किती साधं आहे. ‘नाद’ आपल्या घरात रोज असतो. बैलाचा नाद, कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद. ‘संगट’ हे आपल्या आजीचं बोलणं, शाळेत बाईंनी ‘सोबत म्हणा’ म्हणून खोडून काढलेलं. जाळ आणि धूर एकदम निघणं म्हणजे काय, हे चुलीपुढं बसलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. शाळेनं खोडलेला शब्द मोबाइलनं परत आणला, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. एकच खटकतं. या सगळ्या बोलीत हाक एकच, ‘भावा’. मुलीसुद्धा मैत्रिणीला ‘भावा’ म्हणतात. भगिनीला काय म्हणायचं ते अजून कुणाला सुचलेलं नाही. कॉलेजच्या पोरींनी मनावर घ्यावं.

आणखी एक आखूड बोली आपली खास आहे. पावसाळ्यात ग्रुपवर नुसतं येतं, ‘राजाराम ४१ फूट’. परगावच्या माणसाला वाटेल, राजाराम नावाच्या माणसाची उंची आहे की काय. आपल्याला मात्र लगेच कळतं, की राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४१ फुटांवर आहे. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर हे आकडे शाळकरी पोरालाही पाठ झाले. नव्या सुनेला पहिल्याच पावसाळ्यात कुणीतरी बसवून सांगतं, की ४३ दिसलं की जनावरं सोडायची. आक्का तर हे आकडे आमच्याआधी वाचतात. म्हणजे अडचण आखूडपणाची नव्हती. पाण्याचं सगळ्यांना सांगितलं गेलं होतं आणि ‘भा.पू.श्र.’ कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

गटाचेच शब्द घ्या ना. सीआरपी, व्हीओ, सीआयएफ, आरएफ. अंगठा करणाऱ्या मावशीसुद्धा ‘आरएफ आला का?’ म्हणून विचारतात, कारण फिरत्या निधीचं आम्ही दहा बैठकांत समजावलंय. ‘माविम’ तर १९७५ पासून आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ हे लांब नाव किती जणींना येतं? पण माविम म्हटलं की आपलं वाटतं.

आता ‘गं. भा.’कडे येतो. गंगा आणि भागीरथी ही एकाच नदीची नावं. बाईचा नवरा गेला, की तिच्या नावातलं ‘सौ.’ काढायचं आणि तिथं नदी लिहायची. पवित्र म्हणून, मानानं. पण बायको गेलेल्या पुरुषाच्या नावाआधी असं काही लिहीत नाहीत. लग्नाआधीही ‘श्री.’, लग्नानंतरही ‘श्री.’ आणि बायको गेल्यावरही ‘श्री.’. बाईला मात्र ‘कु.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’. तीन वेळा पाटी बदलायची, आणि तिन्ही पाट्यांवर तिच्याबद्दल काहीच नाही, नवरा आहे की नाही एवढंच.

हा वाद आमच्याच गटात झाला असं नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याचे तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवा या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याबद्दल प्रस्ताव करावा, असं पत्र खात्याला दिलं होतं. राज्यभर बायका बोलल्या. तेव्हा निर्णय झालेला नाही, फक्त चर्चेसाठी आहे, असा खुलासा आला. आणि त्याच्या एक वर्ष आधी, ४ मे २०२२ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामसभेनं ठराव केला होता. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. शाहू महाराजांनी या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला तो १९१७ मध्ये. तिथून हेरवाडपर्यंत १०५ वर्षं.

आमच्या गावातही हेरवाडचा ठराव वाचून दाखवला गेला होता. आम्हीच वाचला होता. वहिनींच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, हे आम्ही अभिमानानं सांगतही होतो. आणि मग आमच्याच पेनानं ‘गं. भा.’ लिहिलं. बांगडी फुटली तर आवाज होतो, चार माणसं बघतात. दोन अक्षरं आणि टिंब लिहिताना कुणाच्या लक्षातही येत नाही, लिहिणाऱ्याच्यासुद्धा.

नवी यादी परत केली. कुणाच्याच नावाआधी काही लिहायचं नाही, असं ठरवायला गेलो तर गटात दोन तट पडले. तिघी म्हणाल्या, “आमचं ‘सौ.’ कशाला काढता? अपशकुन कशाला?” आम्ही जोर केला नाही. ज्यांना हवं त्यांनी आपल्या हातानं लिहावं, एवढंच ठरलं. त्या तिघींतल्या एकीनं सही करताना ‘सौ.’ लिहिलं, खोडलं आणि परत लिहिलं. खाडाखोड तशीच आहे रजिस्टरात. वहिनींनी नुसतं आपलं नाव आणि आडनाव लिहिलं.

मोबाइलचंही थोडं ठरलं. मयत, आजारपण, पैसे आणि तारीख पूर्ण शब्दांत लिहायची. बाकी ‘विषय हार्ड’ म्हणा नाहीतर काहीही म्हणा. आणि एखादा शब्द कळला नाही तर ग्रुपवर उघड विचारायचा, हसायचं नाही. पोरांच्या ग्रुपवर आमचा काय इलाज? तिथं ‘भा.पू.श्र.’ चालूच आहे.

आक्कांकडे आम्ही दोनदा गेलो. “माझं तोंड दाखवायची सोय राहिली नाही,” एवढंच म्हणायच्या. वहिनींकडे जायचा त्यांना धीर होईना. टाइप करता येत नाही, आणि आता तर भीतीच बसली होती, की काहीतरी भलतंच दाबलं जाईल. शेवटी त्यांच्या नातीनं कपाटातला मोबाइल काढून चार्ज केला आणि माइकच्या चित्रावर बोट दाबून बोलायला शिकवलं.

तो निरोप चार मिनिटांचा होता. वहिनींनी आम्हाला तो ऐकवला. सुरुवातीला बराच वेळ नुसता श्वास ऐकू येतो, मागे कोंबडी ओरडते, मग आक्का ‘बाळ’ म्हणून हाक मारतात. पुढं काय बोलल्या ते त्या दोघींचं आहे, रेडिओवर सांगण्यासारखं नाही. पुढच्या बैठकीला आक्का वहिनींशेजारी येऊन बसल्या. वहिनींनी त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती.